गाडी उंच करण्याआधी ती नेमकी कुठे लागते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका गृहस्थांकडे २०१९ नंतरच्या पिढीतली १.२ लिटरची वॅगनआर आहे. गाडी पेट्रोलवर घेतली, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलं. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडीचं पोट घासतं. गणपतीला पाच माणसं आणि सामान भरून गावाला निघालं की पनवेल सोडल्यापासून गतिरोधकांवर मागची बाजू खाली लागते. शिवाय पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढायची धास्ती वाटते. एका दुकानदाराने त्यांना एकच मोठं 'पॅकेज' सुचवलंय: चारही चाकांना ३० मिमीचे स्पेसर (बॉडी वर उचलायला मध्ये घालायचे ठोकळे), स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी बफर आणि मोठे टायर. ते म्हणतात, एकदा करून टाकू आणि मोकळे होऊ. करावं का?

हे पॅकेज करू नका. गाडी उंच करायला माझा विरोध नाही, तेच माझं काम आहे. पण तुम्ही सांगितलेली तीन दुखणी एकाच आजाराची नाहीत. रॅम्पवर पोट लागणं, भरलेली गाडी मागून बसणं आणि पाण्याची भीती या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ३० मिमीचं औषध यातल्या एकालाच थोडंफार लागू पडेल, आणि त्यासाठीही ते चुकीच्या जागी लावलं जातंय.

आधी मोजमाप. गाडी सपाट फरशीवर घ्या. टायरमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. गाडी पाच-सहा फूट पुढेमागे ढकला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. मग प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने अंतर घ्या. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची झीज आणि हवा त्या आकड्यात मिसळते. चार आकडे कागदावर लिहा आणि शेजारीपाजारी त्याच मॉडेलची सीएनजी नसलेली, फार न वापरलेली गाडी असेल तर तिचेही चार आकडे घ्या. माझा अंदाज आहे की पुढचे आकडे जवळपास जुळतील आणि मागे तुमची गाडी पंधरा-वीस मिमीने खाली निघेल.

त्याचा हिशेब सोपा आहे. साठ लिटरचं लोखंडी सिलिंडर, त्याचं स्टँड आणि आतला गॅस धरला तर एक धडधाकट माणूस तुमच्या डिकीत कायमचा बसलेला आहे असं समजा. छोट्या गाडीच्या मागच्या एका स्प्रिंगला एक मिमी दाबायला ढोबळमानाने दोन किलो भार लागतो. सत्तर किलो दोन स्प्रिंगांवर वाटले की प्रत्येकीवर पस्तीस, म्हणजे सतरा-अठरा मिमी. मग गणपतीला मागे तीन माणसं बसली आणि डिकीतल्या उरलेल्या जागेत पिशव्या कोंबल्या की आणखी चाळीस-पन्नास मिमी गेले. जमिनीपासूनच्या मोकळिकीचा कंपनीने दिलेला १६५ मिमीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. मागच्या टोकाला त्यातले साठ-पासष्ट मिमी खर्च झाले की मागचा सायलेन्सर रस्त्यापासून किती वर राहिला ते तुम्हीच काढा. त्यात स्प्रिंग एवढी दाबली गेली की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर असलेल्या रबरी ठोकळ्यावर टेकायला लागते. मागे बसलेल्यांना मग प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात कळतो.

म्हणजे तुमची गाडी 'बुटकी' नाही, ती बसलेली आहे. हरवलेली उंची परत आणणं आणि मुळात नसलेली उंची मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात गाडी तिच्या मूळ आखणीकडे परत जाते, त्यामुळे धोका जवळपास नाही. दुसऱ्यात प्रत्येक मिमीची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

मोजून झालं की गाडी लिफ्टवर घ्या आणि खालून ओरखडे बघा. कुठे घासलंय हे लोखंड स्वतःच सांगतं. पुढच्या बंपरच्या खालची कड खरवडलेली असेल तर चढाच्या पायथ्याशी गाडी लागते. मधल्या एक्झॉस्ट पाइपवर आणि उंबऱ्याखालच्या कडेवर चकचकीत रेघा असतील तर ती रॅम्पच्या माथ्यावर लागते. मागचा सायलेन्सर किंवा टोइंग हुक चेपलेला असेल तर भाराने बसल्यामुळे. इंजिनखाली नंतर बसवलेला जाड पत्र्याचा गार्ड असेल तर तोच सगळ्यात खाली लोंबत असतो. इंजिन वाचवायला लावलेला गार्डच गाडी घासायला कारण होतो हा प्रकार मी नेहमी बघतो. एक्झॉस्टचे रबरी हँगर हाताने ओढून बघा. उष्णतेने ते सैल पडतात आणि पाइप बोटभर खाली येतो. चहा-वडापावच्या पैशांत येणारं ते रबर बदलून पाइप वर गेला आणि घासणंच थांबलं, अशी गिऱ्हाइकंही येतात. त्यांच्याकडून स्पेसरचे पैसे घ्यायचे कसे?

आता रॅम्प, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. रॅम्प चढून गाडी माथ्यावर आली की पुढची चाकं सपाटीवर, मागची उतारावर आणि माथ्याचा कोपरा पोटाखाली मधोमध. तो कोपरा दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या किती वर येतो ते चाकांमधल्या अंतरावर आणि चढाच्या कोनावर ठरतं. तुमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २,४३५ मिमी अंतर आहे. रॅम्पला आठ फुटांत एक फूट चढ असेल तर कोपरा साधारण ७५ मिमी वर येतो. सहा फुटांत एक फूट असेल तर १०० मिमी. आणि जागा वाचवायला बिल्डरने चार फुटांत एक फूट असा खडा चढ मारला असेल तर १५० मिमी. माणसं बसलेली असताना तुमच्या गाडीच्या मध्यावर १३० मिमीच्या आसपास मोकळीक उरते. म्हणजे खड्या रॅम्पवर ती लागणारच. वीस मिमी उचलली तरी १५० विरुद्ध १५०, म्हणजे कधी लागेल, कधी कानाला नुसतं खर्र ऐकू येईल.

हेच काम गवंडी किती सहज करतो बघा. माथ्याचा तो एक तीक्ष्ण कोपरा फोडून गाडीच्या चाकांमधल्या अंतराएवढ्या, म्हणजे अडीच मीटरच्या लांबीत अर्ध्या चढाचा टप्पा ओतला की एका मोठ्या कोपऱ्याचे दोन छोटे कोपरे होतात आणि १५० चे ७५ मिमी होतात. पायथ्याशीही असाच टप्पा दिला तर पुढचा बंपर वाचतो. टप्प्यापुरती वर जागा आणि डोक्यावर स्लॅबची उंची आहे का, हे आधी बघून घ्यावं लागेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. तुमची एकट्याची गाडी तिथे घासत नसणार, आणि माथ्यावरच्या काँक्रीटवर काळे-चंदेरी ओरखडे दिसतीलच, त्यांचा फोटो काढून सेक्रेटरींना दाखवा. तोवर जमल्यास रॅम्पवर गाडीत एकटेच बसा, बाकीच्यांना वर येऊन बसू द्या. रुंदी असेल तर माथा जरा तिरका पार करा, म्हणजे पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकदम माथा ओलांडत नाहीत.

गतिरोधकाचं गणित थोडं निराळं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १०० मिमी उंच आणि गोल पाठीचा असतो. ताशी २५ किमीने त्याच्यावरून जाता यावं अशी त्याची आखणी आहे. त्यावर कुठलीही धड हॅचबॅक घासत नाही. पण आपल्या गल्ल्यांत आणि गावांच्या तोंडाशी जे असतात ते डांबराचे अरुंद, खडे उंचवटे. अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये आला की चारही चाकं खाली आणि तो पोटाखाली, म्हणजे त्याची पूर्ण उंचीच विरोधात येते. अशा वेळी ब्रेक दाबूनच ठेवलेला असेल तर नाक आणखी खाली जातं. ब्रेक उंचवट्याच्या आधी मारा, चाक चढताना पाय उचला. फुकटात दहा-पंधरा मिमी मिळतात.

तर आता तुमच्या गाडीला काय करायचं? मागच्या स्प्रिंगा बदला. सीएनजीचा भार कायमचा आहे, तर स्प्रिंगही त्या भारासाठी बनलेली हवी. कंपनी स्वतः जेव्हा सीएनजी मॉडेल विकते तेव्हा मागचं सस्पेन्शन त्या वजनाप्रमाणे बदलून देते. तुमच्याच पिढीच्या कंपनीच्या सीएनजी मॉडेलला मागे कुठल्या पार्ट नंबरची स्प्रिंग येते ते अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर विचारा. स्प्रिंगेचा व्यास आणि बसायची जागा तुमच्या गाडीशी जुळते याची खात्री करून घ्या आणि दोन्ही बाजूंना नवी जोडी घाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या स्प्रिंगांचे ढीग मिळतील, स्वस्तही मिळतील. मी घेत नाही. दार, बंपर, आरसा जुना चालतो, पण स्प्रिंग किती थकली आहे ते बघून कळत नाही. समुद्राच्या हवेत रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि एक दिवस खालचा वेढा तुटून टायरला लागतो. स्प्रिंगांसोबत मागचे शॉकॲब्सॉर्बरही तपासा. तेल गळत असेल तर नवी स्प्रिंग जुन्या शॉकवर झुलत राहील.

एवढ्याने मागची बाजू सीएनजी बसण्याआधीच्या जागी येईल, आणि स्प्रिंग कडक असल्याने भरलेल्या गाडीत बसणंही कमी होईल. रिकामी गाडी मागून थोडी टणक वाटेल. सिलिंडर डिकीत कायमचं असल्याने ते फारसं जाणवत नाही. विषय निघालाच आहे तर सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते आणि किटची नोंद आरसीवर हवी. दोन्ही नसेल तर ते उंचीच्या आधी करा.

दुकानदाराच्या पॅकेजमधल्या एकेका वस्तूबद्दल आता बोलतो, कारण तुम्ही नाही केलं तरी तुमचा शेजारी करणार.

रबरी बफर म्हणजे स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांमध्ये घुसवायचा पॉलियुरेथेन किंवा रबराचा कडा. बसवायला पंधरा मिनिटं लागतात, काही उघडावं लागत नाही, म्हणून तो इतका खपतो. तो करतो काय, तर दोन वेढ्यांची हालचाल बंद पाडतो. स्प्रिंगेचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर उलट्या प्रमाणात ठरतो. सहातला एक वेढा बाद केला की उरलेल्या पाचांची स्प्रिंग वीस टक्के कडक होते. रिकाम्या गाडीत उंची फारशी वाढत नाही, भरलेली गाडी कमी बसते, म्हणून पहिल्या दिवशी गिऱ्हाईक खूश असतं. पण जो ताण सहा वेढ्यांनी वाटून घ्यायचा तो पाचांवर येतो. रबर आणि तार यांच्या फटीत चिखल आणि खडीची कच अडकते, ती तारेवरचा रंग खरवडते आणि पावसाळ्यात तिथेच गंज लागतो. एका प्रवासापुरती तात्पुरती सोय म्हणून मागच्या स्प्रिंगेत घातला तर समजू शकतो. गावाहून आल्यावर काढून धुऊन ठेवा. पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबात, मी तो घालत नाही, कारण स्टिअरिंग वळवताना तिथली स्प्रिंगही फिरते.

स्पेसर दोन जातीचे असतात आणि दुकानात सहसा हा फरक सांगत नाहीत. एक स्प्रिंगेच्या टोकाशी, तिच्या बैठकीत बसतो. दुसरा स्ट्रटच्या टॉप माउंटिंग आणि बॉडी यांच्या मध्ये बसतो. दोन्हींनी वीस मिमीच्या स्पेसरला जवळपास वीस मिमीच उंची मिळते, पण चावतात वेगवेगळ्या जागी.

स्प्रिंगेखालचा स्पेसर चाकाची खाली लोंबायची मुभा खातो. शॉकॲब्सॉर्बरचा दांडा जितका बाहेर यायचा तितकाच येणार. गाडी वीस मिमी वर उचलली म्हणजे दांडा आधीच वीस मिमी बाहेर आलेला असतो. मग चाक खड्ड्यात पडलं किंवा गतिरोधकावरून उतरलं की दांडा टोकाला जाऊन आदळतो आणि 'टक्क' असा धातूचा आवाज येतो. लोक तो आवाज बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचा, समजून बुश बदलत बसतात. छोट्या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉक वेगळे असतात, तिथे हे फार लवकर घडतं. म्हणून मागे पंधरा मिमीच्या वरचा स्पेसर घालायचा तर शॉकही तेवढा लांब हवा.

वरचा, टॉप माउंटिंगचा स्पेसर शॉकची चाल तशीच ठेवतो, पण पूर्ण स्ट्रटच खाली ढकलतो. आता चाक मूळ आखणीपेक्षा जास्त खाली लोंबू शकतं. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, टायरॉड (चाक वळवणारा दांडा) याचं टोक, ब्रेकचा होज, एबीएस सेन्सरची वायर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, हे सगळं त्या नव्या टोकापर्यंत ताणलं जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनमधून आडवा निघालेला शाफ्ट चाकाकडे खाली झुकतो. तो कोन वाढला की गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट जोर देताना थरथरतो, पूल चढताना पायाखाली कंप जाणवतो. बाहेरच्या जॉइंटच्या रबरी बूटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. बूट फाटून ग्रीस बाहेर, चिखलाचं पाणी आत, आणि दोन-तीन महिन्यांत स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना कट-कट-कट. तेव्हा बूट बदलून भागत नाही, जॉइंट किंवा पूर्ण एक्सल जातो.

एक गोष्ट अजून, जी स्पेसर विकणारा कधीच बोलत नाही. स्पेसर बॉडी उचलतो. चाकाला जोडलेलं जे काही आहे ते तो उचलू शकत नाही. मागचा आडवा बीम, लोअर आर्मचं बाहेरचं टोक, बॉल जॉइंट हे जमिनीपासून जितके होते तितकेच राहतात. त्यांची उंची फक्त टायरच्या त्रिज्येने वाढते.

म्हणून टायर हा मला सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो, जरी त्यातून मिळतं थोडंच. तुमच्या गाडीला १६५/७० आर १४ टायर येतो, त्याचा व्यास ५८७ मिमीच्या आसपास. १७५/७० आर १४ घातला तर व्यास ६०१ होतो. उंची व्यासाच्या फरकाच्या निम्मी वाढते, म्हणजे सात मिमी. सात मिमीसाठी हसू येईल, पण ते गाडीच्या प्रत्येक भागाला मिळतात, बीमलाही. शाफ्टचा कोन बदलत नाही, शॉकची चाल तीच राहते, आणि खड्ड्याच्या काठावर रिम वाचवायला रबराची भिंतही थोडी जाड मिळते. किंमत म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८२ च्या जवळ असेल आणि पिकअप अगदी किंचित सुस्त होईल. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे गेलात तर पूर्ण वळवल्यावर किंवा भरलेल्या गाडीत टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून, मागे माणसं बसवून फट बघून घ्या. आत्ताचे टायर चांगले असतील तर नुसत्या सात मिमीसाठी फेकू नका, पुढच्या बदलाच्या वेळी करा. आणि टायरचा व्यास न वाढवता नुसतं मोठं अलॉय व्हील घालणं ही उंची नव्हे. स्विफ्टच्या मागच्या पिढीत १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ असे दोन्ही टायर कंपनीनेच दिले होते, दोघांचा व्यास ६२० च्या आसपास. रिम मोठी झाली, गाडी तिथेच राहिली, रबराची भिंत मात्र कमी झाली.

किती उंची 'सुरक्षित' म्हणायची, याचं उत्तर कंपन्यांनी स्वतःच दिलेलं आहे. टाटाने टियागोची एनआरजी काढली तेव्हा १७० चे १८१ केले, म्हणजे जेमतेम अकरा मिमी वाढवले. फोर्डने फिगोवरून फ्रीस्टाइल काढली, १९० मिमीची, फिगोपेक्षा साधारण पंधरा मिमीने उंच, आणि त्यासाठी टायर मोठे केले, चाकांमधली रुंदी वाढवली, स्प्रिंगा नव्या दिल्या. ज्यांच्याकडे टेस्ट ट्रॅक आणि पगारी इंजिनिअर आहेत ते दहा-पंधरावर थांबतात, आणि दुकानदार दहा मिनिटांत तीस मिमी देतो. मी रोजच्या वापरातल्या हॅचबॅकला टायर सोडून पंधरा मिमीच्या वर जात नाही. फार आग्रह झाला तर वीस, तेही मागचे शॉक लांब घेतले तरच.

उंचीने गाडी वळणावर जास्त कलते ही भीती खरी आहे, पण दहा मिमीत ती कळत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण साडेपाचशे मिमीवर धरला तर तीस मिमी वाढवल्यावर वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी वाढतो. वॅगनआर मुळातच उंच आणि अरुंद गाडी आहे. कशेडी किंवा परशुराम घाटात पाच माणसं घेऊन पावसात उतरताना ते पाच टक्के अंगावर येतात. फक्त मागची बाजू उचलली तरी कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मागून वीस मिमी वर गेलं की जवळपास अर्धा अंश, आणि हायवेवर स्टिअरिंग हलकं, भिरभिरतं वाटतं. तुमच्या बाबतीत आपण मागचं मूळ जागी आणतोय म्हणून ही अडचण नाही. उलट आत्ता ते खाली गेल्यामुळे तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात असणार. काम झाल्यावर दिव्यांचा झोत भिंतीवर बघून लावून घ्या.

काही जुन्या गाड्यांत मागच्या बीमला जोडलेला एक दांडा असतो, तो गाडी किती बसली यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. अशा गाडीची मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. तुमच्या गाडीत एबीएस आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणारी ईबीडी आहे, काळजी नको. पण कुणाकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गाडी असेल तर स्पेसरआधी हा दांडा शोधा.

गॅरेजमध्ये काम चालू असताना एका गोष्टीवर डोळा ठेवा. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असताना पूर्ण कसायचे नाहीत. त्या बुशमधलं रबर लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबत असताना बोल्ट कसला की रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. वर्षभरात फाटतं. उंची बदलली असेल तर हे बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी करून, एकदा दाबून-सोडून मगच कसावेत. यासाठी खड्ड्याचा रॅम्प किंवा चार खांबांची लिफ्ट लागते, म्हणून पदपथावरचा मेकॅनिक ते करत नाही. स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा स्प्रिंग कंप्रेसर वापरतोय ना तेही बघा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

अलाइनमेंट तर हवंच. पुढची उंची बदलली की टायरॉडचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो. चार-पाच हजार किलोमीटरमध्ये टायरची एक कड खाऊन टाकतो. टो आणता येतो, कॅम्बर (समोरून बघताना चाक आत-बाहेर कललेलं असण्याचा कोन) मात्र या गाड्यांत सहसा मूळ बोल्टच्या ढिलेपणाएवढाच हलतो. म्हणजे पुढे फार उंची दिली तर मशीनवर लाल आकडा लाल राहतो आणि ऑपरेटर 'चालतंय साहेब' म्हणतो. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घ्या.

पाण्याबद्दल स्पष्टच सांगतो. मुंबईत हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे इथे पाणी भरतं तेव्हा वीस मिमीने काहीही होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. त्या शहरात बोटभर उंचीच्या भरवशावर गाडी पाण्यात घालायची नसते. इंजिन पाणी पितं ते हवेच्या नळीच्या तोंडातून, आणि ते तोंड स्पेसरने जेवढं वर जाईल त्याच्या कित्येक पट पाणी समोरून जाणाऱ्या बेस्टच्या बसच्या लाटेने वर येतं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चाकाच्या मध्याला पाणी लागलं की थांबा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका, टोइंग बोलवा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा कव्हर घेतलाय का ते जूनच्या आधी बघून ठेवा.

कायदाही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कंपनीच्या स्प्रिंगा आणि एक पायरी मोठा टायर यावरून वडाळ्याच्या किंवा अंधेरीच्या आरटीओत कुणी गाडी अडवून ठेवेल असं मला वाटत नाही. कापाकापी, वेल्डिंग आणि ३० मिमीचे लेथवर वळवलेले स्पेसर ही वेगळी गोष्ट आहे. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. काहीही बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधी विचारा.

तर तुमचा क्रम असा असू द्या. या आठवड्यात हवा, हँगर आणि इंजिनखालचा गार्ड बघून घ्या, गार्ड जाड पत्र्याचा असेल तर कंपनीचा पातळ घाला. चार आकडे मोजा. मग मागच्या स्प्रिंगा, गरज असेल तर शॉक, आणि अलाइनमेंट. एवढं करून पाच माणसं बसवा आणि परत मोजा. चारही टायर बदलायची वेळ येईल तेव्हा १७५ चा विचार करा. त्यानंतरही पुढून लागत असेल तर पुढे दहा मिमीचा स्पेसर, स्प्रिंगेच्या बैठकीतला, बघू. माझा अंदाज आहे की ती वेळ येणार नाही.

काम गणपतीच्या आदल्या आठवड्यात काढू नका. त्या दिवसांत मुंबईतलं प्रत्येक गॅरेज कोकणात जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेलं असतं आणि घाईत बुशचे बोल्ट हवेतच कसले जातात. महिनाभर आधी करा, म्हणजे चार-पाचशे किलोमीटर चालवून, सगळे नट पुन्हा एकदा कसून घेऊन मग निघता येईल.